कोणाचंच वय वाढलं नाही

स्कारव्हॉया, ३ ऑक्टोबर २०१७

प्रिय आस्लाउग,

तीन दिवस झाले, एका जागी बसवत नाही. टेबलाशी बसलो की उठतो, उठलो की खिडकीशी जातो, खिडकीतून अँटेनाचा खांब दिसतो, आणि पश्चिमेकडची ताणदोरी सैल पडली असणार असं वाटून पुन्हा बूट चढवतो. आमच्या रेडिओ-मंडळातली तुरिद म्हणते, "एलर्ट, ती दोरी आणखी ताणलीस तर बेट उलटं होईल." नर्स म्हणून निवृत्त झाली तरी तिची जीभ काही निवृत्त झालेली नाही.

काल जिल्ह्याच्या वर्तमानपत्रातली एक मुलगी बोटीने आली होती. तिला वाटलं, रेडिओवाले म्हणजे गप्पा मारणारे. म्हटलं, गप्पा कसल्या घेऊन बसलीस बाई! ही स्पर्धा आहे, शनिवारी दुपारी दोनला सुरू, रविवारी दुपारी दोनला बंद. तेवढ्या वेळात मोर्सच्या कट्टकडकट्टमधून जितके लोक गाठता येतील तितके गाठायचे. तो त्याचं वय पाठवतो, आपण आपलं, आभार, चल पुढचा. वय चुकीचं टिपलं तर तो गुण गेलाच, वर दंड. ती म्हणाली, "आणि बायका?" म्हटलं, बायकांना शून्य शून्य पाठवायची मुभा आहे, माझी धाकटी बहीण तीस वर्षं तेच पाठवते आहे. इतकी हसली की तिच्या हातातली कॉफी होडीघराच्या फळ्यांवर सांडली.

आम्ही पाच जण, म्हणून पाचांची सरासरी पाठवायची. यंदा बावन्न. मी नसतो तर सेहेचाळीस भरली असती, असं योस्टाइन सगळ्यांसमोर म्हणाला. पण त्यानेच मला रविवारी सकाळी आठपासून शेवटापर्यंतचे तास दिलेत. मलईचे तास आहेत ते, सगळा युरोप तेव्हा जागा असतो. "एलर्टकाका, तुम्ही कोणाला दुसऱ्यांदा विचारत नाही, म्हणून ती खुर्ची तुमची," म्हणाला. अकरा वर्षं पहिल्या बक्षिसाची ढाल फिनलंडच्या मंडळींकडे आहे. योस्टाइन दिवसभर सामन माशांच्या पिंजऱ्यांवर राबतो आणि संध्याकाळी येऊन तारा जोडत बसतो. पोराला ती ढाल हवीच आहे, आणि मलाही.

कानांचं विचारशील म्हणून आधीच सांगतो: तपासून घेतले नाहीत. चाळीस वर्षं जहाजांवर तारायंत्र चालवलेले कान आहेत हे. स्पर्धेनंतर बघू.

तू हाक मारशील ना?

तुझा,
एलर्ट

ट्रॉन्हेम, ७ ऑक्टोबर

प्रिय दादा,

त्या दोरीला आता हात लावू नकोस. ही विनंती नाही.

इकडे मीही सुखात नाही. गच्चीच्या कठड्यावरून तार काढून समोरच्या बर्चच्या झाडाला बांधली, तर खालच्या मजल्यावरची बाई वर आली. म्हणाली, "तुमच्या तारेमुळे माझा कुत्रा अस्वस्थ होतो." म्हटलं, बाई, मीही होते, दोघांना फिरायला न्या. तेव्हापासून जिन्यात भेटली की तोंड फिरवते. माझा ओडव्हार असता तर तिला वाफल खायला घालून गोड करून आला असता. मला ते जमत नाही. तो एप्रिलमध्ये गेला, तेव्हापासून मी वाफलचा तवाही काढलेला नाही.

रविवारी दहाच्या सुमारास हाक मारीन. कान उघडे ठेव, यंदा तुझ्यासाठी एक गंमत आहे. काय ते सांगणार नाही. तू मला चिडवणार हे मात्र नक्की, आणि जन्मभर चिडवणार.

आणि ते चाळीस वर्षांचं कौतुक मला ऐकवू नकोस. किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रावर सव्वीस वर्षं मीही कानाला हेडफोन लावून बसले आहे. मागच्या रविवारी फोनवर मी विचारलं, काय जेवलास? तर तू म्हणालास, "हो हो." पुन्हा विचारलं, पुन्हा "हो हो." तिसऱ्यांदा मी विचारलंच नाही.

सांभाळून राहा. खांबावर स्वतः चढू नकोस.

आस्लाउग

स्कारव्हॉया, १७ ऑक्टोबर

प्रिय आस्लाउग,

मारलं मैदान! अजून अधिकृत काही नाही, पण मारलं!

कुठून सुरुवात करू? शनिवारी दुपारी वारा असा सुटला की तुरिदने माशाच्या सारातला चमचा खाली ठेवला आणि सगळे बाहेर धावलो. दोरी टिकली. (बघ. आणि मला म्हणता.) संध्याकाळी जनरेटर खोकायला लागला, योस्टाइनने त्याला आईबहिणीवरून काय काय ऐकवलं, मग तो गुमान चालू लागला. रविवारी सकाळी मी खुर्चीत बसलो तेव्हा बाराशे साठ झाले होते. तिथून पुढे सहा तासांत मी चारशे बारा केले. चारशे बारा! चौऱ्याहत्तराव्या वर्षी! मधे फक्त एकदा उठलो, तेही कशासाठी ते तुला कळेल. दोन वाजता यंत्र बंद केलं तेव्हा योस्टाइनने मला खुर्चीसकट उचललं. फिनलंडवाल्यांनी आपला आकडा जाहीर केलाय, सोळाशे दहा. आमचे सोळाशे बाहत्तर. तपासणीत दोघांचे थोडे थोडे कापले जातील, तरी आम्ही पुढेच.

योस्टाइनने यंदा संगणकात एक सोय करून ठेवली होती. समोरच्याचं हाकेचं नाव टंकलं की त्याचं वय चौकटीत आपोआप हजर. आपण फक्त ऐकलेलं जुळतंय ना एवढं बघायचं आणि पुढे सरकायचं. फार छान चाललं. नव्या लोकांचं मात्र काही खरं नाही. चौकट रिकामी, आणि ही मंडळी नुसती पुटपुटतात. दोन दोनदा विचारावं लागलं, काही तर सोडूनच दिले. योस्टाइन मागून म्हणाला, "काका, नवे का सुटतायत?" म्हटलं, धड शिकून येत नाहीत, त्याला मी काय करू?

तू दहा वीसला आलीस. पहिल्या दोन अक्षरांतच तुझा हात ओळखला मी, त्या लांबवलेल्या डॅशांवरून. आणि गंमत कुठली गं? तेच तुझं शून्य शून्य! नखरेल कुठली!

नोंदवही तीस तारखेच्या आत समितीला पाठवायची. योस्टाइन ती मला एकदा वाचायला देणार आहे. रविवारपासून घरात थांबवत नाही. उठतो, होडीघरात जातो, भिंतीवर ढाल कुठे लावायची ते बघून येतो.

एलर्ट

ट्रॉन्हेम, २० ऑक्टोबर

प्रिय दादा,

अभिनंदन. खरंच. चारशे बारा म्हणजे थट्टा नव्हे.

गंमत राहून गेली. ऐन वेळी धीर झाला नाही, म्हणून तेच शून्य शून्य पाठवलं. सोड.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. दोन फाडली. काही विशेष नाही, हवा कोंदट आहे, डोकं धरलंय. काल तीनदा जिना उतरून तुला फोन करायला म्हणून बाहेर गेले, जसा काही घरात फोनच नाही. कुत्रेवाली बघत राहिली.

एक मात्र कर. नोंदवही वाचशील तेव्हा गेल्या वर्षीची शेजारी ठेव. का ते विचारू नकोस. आम्ही केंद्रावर तसं करत असू, एवढंच समज. आणि घाईघाईने वाचू नकोस.

आस्लाउग

स्कारव्हॉया, २३ ऑक्टोबर

आस्लाउग,

तू काय पाठवलं होतंस? खरं सांग.

आज सकाळी योस्टाइनने कागद आणून दिले आणि तो कामावर गेला. मी चष्मा लावून बसलो. माझे तास सुरू झाले तिथून पाचवी ओळ रीगाच्या एगिल्सची. एगिल्स आणि मी एकाच आठवड्यात जन्मलेले, हे तुला माहीत आहे. त्याचं वय लिहिलंय त्र्याहत्तर. मला हसू आलं. म्हटलं, म्हातारा एक वर्ष चोरतोय. मग तू म्हणालीस म्हणून गेल्या वर्षीची वही काढली. त्यातही त्र्याहत्तर. मग त्याच्या खालची ओळ पाहिली. मग त्याच्या खालची.

जुन्या ओळखीचे तीनशे अठ्ठ्याऐंशी लोक होते माझ्या वाट्याचे. बायकांचे शून्य शून्य सोडले तर एकूण एक आकडा गेल्या वर्षीचा आहे. सगळ्या युरोपात वर्षभरात एकही माणूस म्हातारा झालेला नाही. बाकीच्या चौघांच्या तासांत सगळे रीतसर एकेका वर्षाने वाढलेत. थांबलेत ते फक्त माझ्याकडे.

मला ऐकू येत होतं, आस्लाउग. देवाशप्पथ येत होतं. चौकटीत त्र्याहत्तर दिसायचं आणि कानात त्र्याहत्तरच वाजायचं. मला वाटलं आकडे यंदाचेच भरलेत. डोळ्यांनी सांगितलं आणि कानांनी मान डोलावली. ऐकत नव्हतोच मी. वाचत होतो.

पण सगळं सांगायचं तर तेही सांगतो. दोन चार वेळा पाल चुकचुकली होती. सूर होता, पण आकडा असा आला नव्हताच. तेव्हा परत विचारता आलं असतं. मागे योस्टाइन उभा होता. विचारलं असतं तर त्याला कळलं असतं, म्हणून नाही विचारलं.

अजून कोणाला सांगितलेलं नाही. योस्टाइनने दुपारी येऊन विचारलं, "काका, ठीक आहे ना सगळं?" मी म्हटलं, हो हो.

आज सोमवार. पुढच्या सोमवारी वही जायची. हे असंच गेलं तर तपासणीत माझ्या ओळी लाल होऊन परत येतील, आणि प्रत्येक तासापुढे कोण बसलं होतं ते लिहिलेलं असतंच. सांगितलं तर ती खुर्ची गेली. त्या खुर्चीशिवाय मी कोण आहे ते मला ठाऊक नाही. मेंढ्या नाहीत, बायको नाही, बोटही विकली. सकाळपासून बेटाला दोन फेऱ्या मारल्या. बेट लहान आहे.

तुझी गंमत काय होती?

एलर्ट

ट्रॉन्हेम, २६ ऑक्टोबर

दादा,

अडुसष्ट. मी माझं वय पाठवलं. अडुसष्ट.

तीस वर्षं ओडव्हार म्हणायचा, "एकदा खरं सांगून टाक गं, जग काही बुडत नाही." तो गेल्यावर वाटलं, सांगावं. आणि पहिल्यांदा तुलाच सांगावं. तू लगेच आभार पाठवून पुढच्याला हाक मारलीस. मला वाटलं घाईत असशील, नंतर चिडवशील. मग तुझं पत्र आलं.

मी खोटं लिहिलं, कबूल. आता माझं ऐक.

कोणाला काही सांगू नकोस. वही आहे तशी जाऊ दे. विचारलंच कोणी तर म्हण, संगणकाने जुने आकडे भरले, मला काय माहीत. ते खोटंही नाही. तुझ्यावर कोणी संशय घेणार नाही, तुझं नाव मोठं आहे. वाईट काय होईल? ढाल जाईल. अकरा वर्षं नव्हती, बारावं वर्ष नसेल. पण तू सांगितलंस तर ते तुला उठवतील. मग तू करणार काय? खिडकीत बसून दोरी बघणार? तुझ्या भल्याचंच सांगते आहे. मशीनवर ढकल आणि मोकळा हो. यंत्राला काही वाटत नाही.

मला फोन करू नकोस. तुला ऐकू येणार नाही आणि मी रडेन.

आस्लाउग

स्कारव्हॉया, ३१ ऑक्टोबर

आस्लाउग,

तुझं पत्र शनिवारी सकाळच्या बोटीने आलं. वाचलं, खिशात घातलं आणि तडक होडीघरात गेलो. पाचही जण हजर होतो, योस्टाइनने केक आणला होता. म्हटलं, केक कापायच्या आधी माझं ऐका.

सांगितलं सगळं. कागद समोर ठेवले. योस्टाइन बराच वेळ ओळींवरून बोट फिरवत राहिला.

"सगळे?" म्हणाला.

"सगळे जुने."

"पण स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी सांगितलं होतं की सगळ्यांना! आकडे मुद्दाम गेल्या वर्षीचेच ठेवलेत, प्रत्येक वेळी बदलायला लागला म्हणजे माणूस जागा राहतो. तुम्ही इथेच होतात. मान हलवलीत!"

हलवली असणार. ते वाक्य माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं, एवढंच. कोणी बोललं की मी मान हलवतो, दोन वर्षं झाली.

मग तो एकदम उजळला. म्हणाला, "मग त्यात काय एवढं? सगळ्यांत एक एक मिळवून टाकू. संगणकाला एका ओळीचं काम. वर्षाने मोठे तर सगळे झालेच आहेत ना?"

"झालेत. पण मी ते ऐकलेलं नाही."

"कोणाला कळणार आहे?"

"मला कळलं ना आत्ता," तुरिद म्हणाली. तिने चहाची किटली अशी आपटली की झाकण उडालं.

योस्टाइनचं डोकं फिरलं. "बरं, मग काढूनच टाका त्या ओळी! नकोतच!" मी म्हटलं, ते तर मुळीच नाही. काढल्या तर त्या लोकांच्या वहीत आपण असू आणि आपल्या वहीत ते नसतील, म्हणजे गुण त्यांचेही कापले जाणार. त्यांनी काय घोडं मारलंय? फुली मारायची. नियम आहेच तसा: ओळीपुढे फुली असली की आपण तिचे गुण मागत नाही, पण समोरच्याचा संपर्क शाबूत राहतो.

"तीनशे अठ्ठ्याऐंशी फुल्या," तो म्हणाला. "ढाल जाईल. ढालच काय, पहिल्या तिनातही राहणार नाही आपण."

"हो."

तेव्हा तो माझ्याकडे वळून जे बोलला ते तुला जसंच्या तसं लिहितो. "मी दहा वर्षांचा होतो, तेव्हा तुमच्याकडे शिकायला यायचो. न ऐकता अंदाजाने अक्षर लिहिलं की तुम्ही माझ्या हातातली पेन्सिल काढून घ्यायचात. तास तास पेन्सिल मिळायची नाही. आठवतं?" मी म्हटलं, आठवतं. त्याने केक परत खोक्यात ठेवला.

मी म्हटलं, माझी खुर्ची दुसऱ्या कोणाला द्या. तो "बसा हो काका" म्हणेल असं वाटलं होतं मला. अगदी खरं सांगतो, म्हणेल म्हणूनच मी म्हटलं होतं. तो म्हणाला, "बरं."

फुल्या मी एकट्याने मारल्या. यंत्राने एका फटक्यात झालं असतं, पण एकेक मारली, प्रत्येक नाव वाचून. एगिल्सपाशी थांबलो. तुझ्या ओळीपाशीही. काल सकाळी वही गेली.

आता तुझ्याविषयी. केंद्रावर असताना तारेतला आकडा परत वाचून घेतल्याशिवाय तू कधी कोणाला सोडलं नाहीस. कप्तान ओरडले तरी नाही. मी स्वतः समुद्रावरून ऐकलंय तुला, वादळात, तेच तेच आकडे परत मागताना. आणि सख्ख्या भावाचा चुकलेला आकडा तू सोडून दिलास. वर खोटं लिहिलंस, वर मशीनवर ढकल म्हणालीस. माझ्या भल्याचं म्हणे! मला आंधळ्यासारखं हात धरून चुकीच्या बाजूला नेत होतीस. योस्टाइनचा राग मला समजतो. तुझं वागणं समजत नाही.

एलर्ट

ट्रॉन्हेम, ५ नोव्हेंबर

दादा,

तुझं पत्र दोन दिवस टेबलावर पडलं होतं. त्याच्या भोवती झाडू मारला, पण उचललं नाही.

तू म्हणतोस ते बरोबर आहे. तुझ्या भल्याचं नव्हतंच ते. माझ्या भल्याचं होतं.

ओडव्हार गेल्यापासून या घरात दिवस दिवस आवाज नसतो. मुलगी बर्गेनहून फोन करते, चार मिनिटं, मागे तिची पोरं भांडत असतात. संध्याकाळी मी यंत्र लावते आणि लहरींच्या पट्ट्यावरून फिरते, तू आहेस का ते बघत. बऱ्याचदा असतोस. मी हाक मारत नाही. नुसती ऐकते. तू कोणाशीतरी लिथुएनियात हवापाण्याचं बोलत असतोस, आणि मला वाटतं, बाहेरच्या खोलीत घरातलं माणूस आहे. मग मी भांडी घासते. तुला हे कधी सांगितलं नाही, कारण तू लगेच बोलायला सुरुवात केली असतीस आणि मला नुसतं ऐकायचं होतं.

तुझं "नखरेल कुठली" वाचलं तेव्हा मी सगळं समजले, आणि पहिला विचार तुझा आला नाही. माझा आला. याला खुर्चीवरून उठवलं तर हा चिडून यंत्रच गुंडाळून ठेवेल, मी ओळखते याला. मग मी ऐकू काय? म्हणून खोटं लिहिलं. म्हणून मशीनवर ढकल म्हणाले. आकडा चुकला तर चुकू दे, तू तिथे असलास म्हणजे झालं, असं वाटलं मला. केंद्रावर असं कधी वाटलं नव्हतं. तिथे समोर कोणी माझं नव्हतं.

आता तू रागावला आहेस आणि पंधरा दिवस झाले, पट्ट्यावर तुझा हात नाही. रोज बघते. माझीच करणी.

रागाव. पण यंत्र गुंडाळू नकोस रे.

आस्लाउग

स्कारव्हॉया, १४ नोव्हेंबर

प्रिय आस्लाउग,

गुंडाळलं होतं. हेडफोनसुद्धा खोक्यात घालून वर टाकले होते. तू ओळखतेस मला, ते खोटं नाही.

गेल्या मंगळवारी तुरिदने मला बोटीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. एका पोरीने मला काचेच्या खोलीत बसवून कानात सूर सोडले. ऐकू आला की बटण दाबायचं. मी बटण दाबतच होतो, तर ती आत येऊन म्हणाली, "आजोबा, मी अजून सुरूच केलेलं नाही." डाव्या कानाचे वरचे सूर सगळे गेलेत, उजव्याचे अर्धे. कानाची यंत्रं मिळणार आहेत, डिसेंबरात. पूर्वीसारखं होणार नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं. मोठ्याने सांगितलं, त्यामुळे बाहेर बसलेल्यांनाही कळलं.

योस्टाइन धक्क्यावर भेटला. मान हलवली, मीही हलवली. अजून तेवढंच. फेब्रुवारीच्या स्पर्धेला माझ्या जागी तुरिद बसणार आहे. मी विचारलं नाही, तिनेच येऊन सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. वाईट वाटलं. खूप वाटलं. हे मी दुसऱ्या कोणाला म्हणणार नाही.

तुझं पत्र चारदा वाचलं. रविवारी खोकं खाली काढलं. स्वयंपाकघरात सगळं मांडलं, सूर जितका खाली नेता येईल तितका नेला आणि भीत भीत एक हाक दिली. सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदा भीत भीत. डेन्मार्कहून कोणी उत्तर दिलं, नाव कधी ऐकलेलं नाही. त्याने त्याचं गाव पाठवलं. मला कळलं नाही. माझ्या मागे कोणी उभं नव्हतं, तरी कानशिलं तापली. मी परत विचारलं. त्याने पाठवलं. कळलं नाही. परत विचारलं. चौथ्या वेळेला मला वाटलं, आता हा वैतागून जाणार. तर त्याने वेग निम्मा केला आणि एकेक अक्षर सुटं सुटं करून पाठवलं. गाव मिळालं. मी आभार मानले तर म्हणाला, त्यात काय.

मी हेडफोन काढून ठेवले. मग रडलो, तुझ्यासारखा.

तू नुसती ऐकत बसू नकोस. शनिवारी सकाळी दहाला ऐंशी मीटरच्या पट्ट्यावर ये, खालच्या टोकाला. हळू पाठव, शिकाऊ पोराला पाठवतात तितकं हळू. काय जेवलीस ते सांग, त्या कुत्रेवालीचं सांग, ओडव्हारचं सांग. मला पहिल्यांदा कळणार नाही. मी परत विचारीन, पुन्हा विचारीन. तू सांगत राहा.

एलर्ट